मलिदा कुणाच्या नावाचा

जेवणाआधी देवाचे आभार मानायला माझी कधी ना नव्हती. माणसाने आभार स्वतःचे मानून घ्यायचे आणि वर नाव देवाचं पुढे करायचं, तिथं माझं डोकं फिरतं. ऐन विशीत एकदा फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. ते यावं असं मला वाटतही नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. हे मला जन्मभर जिथे जाईन तिथे सांगावं लागलं आहे. सत्तरच्या दशकात आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो, तेव्हा शेजारच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन का?" नाही म्हटलं. "मग मुसलमान?" तेही नाही म्हटलं, तर त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. शेवटी म्हणाल्या, "पण मराठी किती छान बोलता हो!" छान बोलते, कारण मला दुसरी भाषाच नाही. माझ्या पणजीलाही नव्हती. गावाकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. पूर्वी घाणा चालवायचो आणि शनिवारी तो बंद ठेवायचो, म्हणून. तेलाचा धंदा केव्हाच गेला, शनिवार तेवढा राहिला.

शनिवार राहिला आणि खाण्याच्या बेराखा राहिल्या. बेराखा म्हणजे तोंडात काही घालण्याआधी देवाचे आभार मानायचे शब्द. हिब्रूत म्हणायचे, पण आमच्या पुस्तकांत ते मराठी अक्षरांत छापलेले असत. प्रत्येक खाण्याची बेराखा वेगळी. झाडाच्या फळाची एक, जमिनीतून येणाऱ्याची दुसरी, पोळी-भाकरीची तिसरी, वासाच्या फुलापानांचीसुद्धा एक. आंबा झाडाचा. केळं मात्र जमिनीचं, कारण केळ एकदा घड देते आणि मरते, तिला झाड कोण म्हणणार! लहानपणी आम्हा भावंडांचा तो खेळच होता. "फणस?" "झाड!" "अननस?" "जमीन!" "जांभूळ?" "झाड! आणि आता गप बस, मला खाऊ दे."

एक नियम मात्र आई चिमटा काढून शिकवायची. बेराखा झाली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, की आधी घास. आमेन आणि घास यांच्यामध्ये एक शब्द बोलायचा नाही. बोललं की बेराखा फुकट गेली. आभार मानले आणि खाल्लं नाही, तर ते देवाशी खोटं बोलणं. माझ्या मांडीवर या नियमाच्या पुष्कळ खुणा उमटून गेल्या.

शुक्रवारी दिवेलागणीला, आमचा शनिवार तेव्हाच लागतो, बाबा डोक्यावर टोपी घालून बसायचे. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून आई सरबत करायची, आमची द्राक्षाची दारू तीच. त्यावर बाबा बेराखा म्हणायचे. मग पोळी मोडून मिठाला लावायचे आणि म्हणायचे, जमिनीतून भाकर काढणारा तू धन्य आहेस. आम्ही आमेन म्हणायचो. सगळं बरोबर. पण जमिनीतून निघालेली भाकर आमच्या ताटात आपोआप येत नव्हती. आई शुक्रवारी सकाळपासून स्टोव्हपाशी असायची. शनिवारी आमच्यात विस्तव पेटत नाही, म्हणून दोन्ही दिवसांचा स्वयंपाक एकदम. कोळणीकडून आमच्यात चालते तेवढी खवल्यांची मासळी पारखून घ्यायची, कोंबडीचं मांस रक्त निघून जावं म्हणून मीठ लावून निथळत ठेवायचं, घासलेट पुरवून वापरायचं. एकदा मी बाबांना विचारलं, "आईची बेराखा कुठली?" बाबा हसले. आई म्हणाली, "गप. मीठ दे इकडे."

बाबा हसले त्याचा राग मला नाही. त्यांचं हसणं साधं होतं. राग आहे तो मामाच्या हसण्याचा.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. पनवेलजवळ त्याची लाकडाची वखार होती आणि थोडी भातशेती. आवाज खणखणीत, सगळ्या प्रार्थना पाठ, त्यामुळे लग्न असो, मयत असो, म्हणायला मामा. देवळात, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, लोक त्याला जागा करून देत. आणि हे मी नाकारत नाही, की आमच्या वाईट दिवसांत त्याने आम्हाला तांदूळ दिला. बाबा तुर्भ्याला एका कारखान्यात फिटर होते. मालकाने टाळं लावलं आणि ते काही महिने निघालंच नाही. त्या काळात मामाच्या शेतातला तांदूळ आमच्या घरी शिजत होता. तो होता म्हणून आम्ही उपाशी झोपलो नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणीतरी म्हणेलच, "अगं, पण खाल्लंस ना त्याचं?"

हो, खाल्लं. आणि प्रत्येक घासाला त्याने ते आम्हाला सांगितलं.

टाळ्याच्या दिवसांतच एका रविवारी आम्ही मामाकडे जेवायला होतो. जेवणानंतरची प्रार्थना आमच्यात लांब असते. पोट भरल्यावर देवाचे आभार, भूमीचे आभार, सगळ्या जिवांना अन्न देतोस म्हणून आभार. मामाने ती पूर्ण चालीवर म्हटली. सगळे आमेन म्हणाले. मग मामा भिंतीला टेकला, ढेकर दिली आणि म्हणाला, "चला, वरच्याचं झालं. आता खालच्याचंही म्हणा कुणीतरी! तांदूळ काही आभाळातून पडला नव्हता."

मामा हसला, मग सगळे हसले. बाबाही हसले. कामावरून बसवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरी बसून जसं हसावं लागतं, तसं हसले. ते हसणं मी विसरलेले नाही आणि त्याबद्दल मी मामाला माफही केलेलं नाही.

मामा तेवढ्यावर थांबला नाही. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. माझ्याकडे बोट करून बाबांना म्हणाला, "काय हो पाव्हणे, हिचं काय ठरवलंय?"

बाबा म्हणाले, "कॉलेजला जायचं म्हणते."

"कॉलेज!" मामाने मांडीवर थाप मारली. "ऐकलंत का? तांदूळ माझा आणि कॉलेज हिचं! अहो, तुमच्या तुर्भ्यालाच पोरी घेतात ना पॅकिंगला? खाल्ल्या मिठाला जागायचं असलं तर पोरीला कामाला लावा."

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आई तिथं नव्हती. ती मोरीत होती, मामीबरोबर. मी उठून तिथं गेले, कारण बसले असते तर रडले असते आणि मामासमोर मला रडायचं नव्हतं. दोघी उकिडव्या बसून राखेने पातेली घासत होत्या. बाहेरचं बोलणं मोरीत स्वच्छ ऐकू येत होतं. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातलं पातेलं तसंच धरून ती एवढंच म्हणाली, "एलियाहू हन्नाबी, ही बीए झाली तर मी पाच फळांचा मलिदा घालीन. हिच्या नावाचा. दुसऱ्या कुणाच्या नाही." आणि परत घासायला लागली. मामीने ऐकलं, मान हलवली आणि तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

एलियाहू हन्नाबी म्हणजे आमचा एलिया संदेष्टा. आमच्या लोकांची श्रद्धा अशी, की तो अग्नीच्या रथातून आकाशात जाताना कोकणात टेकला होता. अडलेल्याने त्याला नवस बोलायचा आणि काम झालं की मलिदा घालायचा. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, मनुका घालतात, मोठ्या ताटात त्याचा ढीग करतात, वर फळं मांडतात, गुलाबाची फुलं ठेवतात. पुरुष भोवती बसून एलियाहूचं गाणं म्हणतात, मग एकेका फळाची बेराखा, आणि शेवटी पोह्यांची. सगळ्या जगात ज्यू आहेत, पण मलिदा फक्त आमचा. कॉलेजात मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगा फिदीफिदी हसला, म्हणाला, "मलिदा तर आमच्याकडे सरकारी हापिसात खातात!" त्याला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हो, मी कॉलेजात गेले. कारखान्याचं टाळं निघालं, त्याच महिन्यात आईने मामाचा तांदूळ बंद केला, आणि पुढच्या जूनमध्ये माझं नाव घातलं. खाडीपुलावरून बसने जायचं, बसने यायचं. वसाहतीत तेव्हा रस्ते आखलेले होते आणि घरं व्हायची होती. संध्याकाळी उतरले की अर्ध्या रस्त्याला दिवे नसत. आमच्या घराण्यात, आईच्या की बाबांच्या, कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले आणि वर पोचले. हे मी मिरवते. माझ्यासाठी हे कुणीही तयार करून ठेवलेलं नव्हतं, तेव्हा मिरवण्याचा हक्क माझा आहे.

निकाल लागला त्या संध्याकाळी आईने विचारलं, "झालीस?" मी म्हटलं, "झाले." ती देवाचं काही म्हणाली नाही, मला जवळही घेतलं नाही. म्हणाली, "मग पोहे आणायला हवेत."

आता अडचण होती ती म्हणणाऱ्याची. आमचे लोक भराभर इस्राएलला चालले होते. दर महिन्याला कुणाची तरी भांडीकुंडी विकायला निघायची. वाशीत आमची घरं हाताच्या बोटांवर. मलिदा म्हणायचा तर पुरुष हवेत, त्यांतला एक तरी जाणता हवा, आणि जाणता म्हणजे मामा. मी आईला म्हटलं, "त्याला बोलावायचं नाही."

"माझा भाऊ आहे."

"तुझा भाऊ असेल. मलिदा माझ्या नावाचा आहे."

"तुझ्या नावाचा आहे म्हणूनच सगळं नीट झालं पाहिजे," आई म्हणाली. "अर्धामुर्धा नवस फेडायचा नसतो. मी देवाला शब्द दिलाय, तुला नाही."

आईला लिहिता येत नव्हतं. तिच्या नावावर काही नव्हतं, घर नाही, पासबुक नाही. तिच्या मालकीचा एकच शब्द होता, तो तिने मोरीत बसून दिला होता, आणि तो जसा दिला तसाच पुरा व्हायला हवा होता. मी पोहे निवडायला घेतले.

मलिद्याचा रविवार आला. मामा सकाळीच पनवेलहून आला, बरोबर मामी आणि ओळखीतले चौघे-पाच पुरुष. आमच्या पुढच्या खोलीत चटई अंथरली होती. मधोमध ताट. आईने पहाटे उठून नारळ खवले होते, पोह्यांचा ढीग हाताने थोपटून गोल केला होता, त्यावर खजूर, केळी, सफरचंद, संत्र, चिकू, आणि भोवती देशी गुलाब. पुरुष टोप्या घालून ताटाभोवती बसले. आम्ही बायका डोक्यावर पदर, ओढणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारापाशी.

मामाने घसा साफ केला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "मंडळी, हा मलिदा आपल्या चिरंजीवाचा बरं का. कागदपत्रं झाली त्याची. पुढच्या महिन्यात इस्राएलला निघतोय. सुखरूप पोचो!"

चिरंजीव म्हणजे मामाचा मुलगा. तो तर तिथं आलासुद्धा नव्हता.

बीएचा मलिदा म्हणूनच त्याला बोलावलं होतं, तेव्हा मला आधी वाटलं, मामा विसरला. मी आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, की मामा विसरलेला नव्हता. चार पुरुष जमवणं किती कठीण झालंय, जमलेच आहेत तर आपलंही उरकून घेऊ, असा त्याचा हिशेब. नारळ माझ्या आईचे, पहाटेची झोप तिची, नवस तिचा, आणि नाव त्याच्या पोराचं! पोरीच्या पास होण्याचा कसला आलाय मलिदा, हे त्याने बोलून दाखवलं नाही. त्याला ते बोलण्याइतकंही मोठं वाटलं नसावं.

गाणं सुरू झालं. सगळ्यांनी उचललं. मी तोंड उघडलं नाही. गाणं संपलं, मामाने खजूर उचलला, बायकांकडेही एकेक पोचवला, आणि झाडाच्या फळाची बेराखा खणखणीत म्हटली. सगळे म्हणाले, "आमेन." सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले.

आईने आमेन म्हटलं नाही. खजूर तिच्या तळहातावर तसाच होता.

मामाने बी बाहेर काढली. "खा की गं."

आई म्हणाली, "दादा, नाव चुकलं."

"कसलं नाव?"

"मलिदा हिचा आहे. हिच्या बीएचा. हिच्या नावाने परत म्हण, मग खाते."

खोलीत कुणी चावेना. मामा हसला. तेच हसणं. "अगं, देवाला काय कळत नाही? एका मलिद्यात दोन्ही आलं. त्याचंही, हिचंही."

"नाही," आई म्हणाली. "मी दोन्हीचा बोलले नव्हते."

बाबा मध्ये पडले. "जाऊ दे ना. दोन्हीसाठी म्हणू या. बिघडतं काय?"

"तुम्ही थांबा," आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

मामाचा आवाज चढला. "कुणाला बोलली होतीस तू नवस? मला तर काही सांगितलं नाहीस!"

"तुला बोलायचा असतो का नवस?"

हे ऐकून एका म्हाताऱ्या पाहुण्याला हसू फुटलं आणि मामा आणखी बिथरला. "म्हणजे आता खोटं का होईना, बोलायचं! पोरीच्या परीक्षेचा नवस! उद्या मांजर व्याली तरी मलिदा घालशील!"

मग मी बोलले. "मामा, मांजराला बीए होता येत नाही. आणि तुझ्या मुलालाही होता आलं नाही."

हे मी बोलायला नको होतं असं पुढे मला पुष्कळांनी सांगितलं. मला तसं कधी वाटलं नाही.

मामा उठून उभा राहिला. "बघा! बघा ही शिकलेली! माझ्या तांदळावर वाढली आणि माझ्या तोंडावर बोलते! त्या वेळी मी नसतो तर भीक मागत होतात तुम्ही. आहे का त्याची जाण कुणाला?"

"जाण आहे," आई म्हणाली. ती मात्र बसलेलीच होती, हात तसाच पुढे, खजूर हातावर. "तू तांदूळ दिलास, मी तुझ्या घरची पातेली घासली. देवाने दिलं त्याची बेराखा देवाला. त्यात तू बसू नकोस."

तेवढ्यात मामी बोलली. जन्मात कधी नवऱ्यासमोर बोलली नव्हती. "नवस खोटा नाही. मोरीत बोलल्या होत्या वन्सं. मी होते तिथं."

मामाने तिच्याकडे असं बघितलं, की दुसरी एखादी बाई असती तर मोरीतच जाऊन लपली असती. "चल. ऊठ. आपण निघालो."

पुरुष उठले. काही नाराजीने उठले, त्यांना मलिदा खायचा होता. मामा चप्पल घालून दारात उभा. "येतेस की नाही?"

मामी म्हणाली, "खजूर तोंडात हाय माझ्या. चावू द्या की."

चावायला तिला किती वेळ लागावा! मामा जिन्यावरून उतरून गेला तरी तिचं चावणं संपलं नव्हतं. खाली जाऊन ते सगळे बसथांब्यावर उभे राहिले. रविवारची बस, ती कशाला येते!

खोलीत आता बाबा, आई, मामी आणि मी. ताट मधोमध, ढीग न मोडलेला. केळं, सफरचंद, सगळं बाकी. आई त्या ढिगाकडे बघत होती. मी आयुष्यात तिला रडताना बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही ती रडली नाही, पण म्हणाली, "नवस राहिला."

तिच्या आवाजाने माझ्या अंगाची लाही झाली. एका माणसाची चाल आणि खणखणीत आवाज, एवढ्यावर माझ्या आईचा शब्द अडून बसला होता! मी कपाटातून बाबांचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. मराठी अक्षरं, छापील, वाचायची तर आहेत. चटईवर जाऊन ताटापाशी बसले, मामा बसला होता त्याच जागी.

बाबा म्हणाले, "अगं, बायका कुठे म्हणतात?"

"कुठे लिहिलंय म्हणायचं नाही म्हणून? दाखवा."

त्यांनी दाखवलं नाही, कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे मी मिळेल ते वाचलं, जाणत्यांना विचारलं. जो खातो त्याने आभार मानावेत, एवढाच धर्म आहे. बाई खात असेल तर बाईने. तशी बंदी कधी नव्हतीच. माझी आई, तिची आई, त्यांच्या आधीच्या सगळ्या, शिजवून दाराशी बसत आल्या आणि पुरुष म्हणेपर्यंत हातातला घास धरून थांबत आल्या. नियमासाठी थांबल्या असत्या तर मी समजू शकले असते. निव्वळ सवयीपायी थांबल्या. या गोष्टीचा मला मामापेक्षाही जास्त राग येतो, आणि याला तर जिना उतरवून घालवताही येत नाही.

मी आईकडे बघितलं. तिची परवानगी हवी होती. नवस तिचा होता.

ती म्हणाली, "रागात म्हणू नकोस."

"राग जायची वाट बघितली तर पोहे आंबतील."

मामी फिसकन हसली. आईने ओठ आवळले, मग म्हणाली, "बरं. पण नाव घे आधी."

मी नाव घेतलं. आईचं आणि माझं. म्हटलं, हा मलिदा हिने बोललेला, माझ्या बीएचा, दुसऱ्या कुणाचा नाही. माझी चाल बेसूर होती. मामासारखा आवाज मला नाही. गाणं म्हणताना दोनदा अडखळले, तिथं मामीने पुढचे शब्द पुरवले. तिला सगळं पाठ होतं. इतकी वर्षं नुसतं ऐकून! मग मी झाडाच्या फळाची बेराखा म्हटली.

आई म्हणाली, "आमेन." आणि खजूर खाल्ला. तो हातात राहून चिकट झाला होता. तिने बोटंही चाटली.

मी केळ्याची म्हटली, जमिनीच्या फळाची. तेव्हा बाबा टोपी सारखी करून ताटाजवळ सरकले आणि म्हणाले, "आमेन." हळू म्हणाले, पण म्हणाले. गुलाबाची म्हटली, हुंगला. शेवटी पोह्यांची. पहिली मूठ आईच्या ताटलीत घातली आणि तिला म्हटलं, "आधी तू. बसून." ती सवयीने उठायला लागली होती, बाकीच्यांना वाढायला. मी म्हटलं, "बस. आमेन म्हटलंयस, आता बोलायचं नाही आणि उठायचंही नाही." उठायचं नाही असं काही नियमात नाही. तो मी त्या दिवशी घातला.

खाऊन झाल्यावर आईने ताटल्या भरल्या, वर फडकं झाकलं आणि मला म्हणाली, "खाली नेऊन दे. थांब्यावरच आहेत अजून."

"मी? त्याला? मुळीच नाही."

"मलिद्यातून कुणाला वगळायचं नसतं."

"मग तू ने. मी नेणार नाही."

मामीने ताटल्या उचलल्या. "मला त्याच बसने जायचंय. मी नेते." दारात थांबून मला म्हणाली, "चांगलं म्हणलंस गं. चाल तेवढी बसव."

मी गॅलरीतून बघत राहिले. उन्हात टोप्या घातलेले ते सगळे, आणि मामी ताटल्या घेऊन रस्ता ओलांडते आहे. पाहुण्यांनी लगेच हात पुढे केले. मामाने तोंड फिरवलं. मग बराच वेळ बस आली नाही. मग त्यानेही ताटली घेतली. खाण्याआधी त्याचे ओठ हलले ते मला वरून दिसलं. त्याचं त्याने देवाशी काय म्हटलं ते देव बघेल. माझ्याशी तो काही बोलला नाही, आणि मीही वाट बघितली नाही.

त्यानंतर मामा आमच्याकडे आला नाही. पनवेलपासून ठाण्यापर्यंत जो भेटेल त्याला सांगायचा, त्या घरात पुरुषांशिवाय मलिदा झाला, एका पोरीने म्हटला. लोक आईला विचारत, "खरं का?" बाबा तिथं होते आणि आमेन म्हणाले होते, ते मामाने धरलंच नाही. आई एवढंच दुरुस्त करायची, "ह्यांना मोजा." बाकीचं खरं होतं. ती म्हणायची, "हो. झाला."